ओल्यावर बोलायचं नाही

शाळेच्या खोल्या पाडायच्या की डागडुजी करून चालवायच्या, यावर वरच्या लोकांचं एकमत होईपर्यंत निम्मा उन्हाळा सरला. शेवटी ठरलं, की खालच्या खोल्या दुरुस्त करायच्या आणि त्यांच्या डोक्यावर नवा मजला चढवायचा. ठरवण्यातच इतका वेळ घालवल्यावर करायला वेळ उरणार कुठून? मग एकदम सगळ्यांच्या अंगात आलं. दोन ठिकाणची माणसं ट्रकात घालून आणली आणि शाळेच्या मैदानात उतरवली. त्यात एक गवंडी होता, त्याची बायको होती आणि त्याची आई होती.

म्हातारीला उतरवायला बराच वेळ गेला. तिचा खुबा कधीचा मोडलेला होता आणि तो वाकडाच सांधला होता. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी खुर्चीच खाली घेतली. तेवढ्या वेळात तिने दोघांनाही शिव्या घालून घेतल्या. पाय जमिनीला टेकल्यावर तिने पदर झटकला आणि जाहीर केलं, “मी आता ट्रकात चढायची नाही. तुम्हाला पुढं जायचं तर खुशाल जा. मला इथंच कुठंतरी भिंतीत चिणून टाका.”

हे ती प्रत्येक कामावर म्हणायची, त्यामुळे गवंड्याने कान दिला नाही. त्याच्या बायकोने मात्र दिला. रस्ताभर ती सासूशेजारी सिमेंटच्या पोत्यांवर बसली होती. ट्रक खड्ड्यात गेला की म्हातारी पदराचा बोळा दातात धरायची आणि तोंडातून हूं की चूं काढायची नाही. शाळेपाशी पोचेपर्यंत त्या पदराला दातांची भोकं पडली होती. पुढच्या ट्रकातून हिला न्यायची वेळ येऊ नये, एवढंच सुनेच्या मनात होतं.

त्यांना राहायला मोडक्या बाकांची खोली मिळाली. दोन बाकं एकमेकांना जोडून म्हातारीचं अंथरूण केलं, भिंतीला लावलेल्या बाकांवर पीठमिठाचे डबे मांडले, आणि ज्या बाकाला पाय नव्हते त्याची चूल पेटवायला लाकडं झाली. संसार मांडायला यांना वेळ लागत नसे. आजवर त्यांनी शाळा बांधल्या, वसतिगृहं बांधली, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा गिलावा केला, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी राहायला तेच गेले आणि सगळ्यात आधी बाहेर पडले तेही तेच.

लोक तिला गवंडीण म्हणायचे. गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको, यापलीकडे त्या शब्दाला अर्थ नव्हता. ती वाळू चाळते, माल कालवते, घमेली वर चढवते, भिंतींना पाणी मारते, यातलं काही त्या शब्दात येत नव्हतं. लहानपणी ती तिसरीपर्यंत शाळेत गेली होती. गवंडी मात्र शाळेत फक्त परांचीवरून गेलेला. खिडकीच्या बाहेरून वर्ग कसा दिसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कामावर एक मुकादम होता. काहीही विचारलं तरी “उद्या बघू” म्हणायचा, म्हणून दोन्ही टोळ्यांनी त्याचं नाव उद्या ठेवलं होतं. या उद्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट मात्र आजच सांगून टाकली. वरच्या मजल्याचं काम एकाच टोळीला मिळणार. खालच्या खोल्यांपैकी अर्ध्या यांनी करायच्या, अर्ध्या त्यांनी. शाळेच्या मोठ्या बाई येऊन बघतील. ज्यांचं काम त्यांच्या पसंतीला उतरेल ते वर्षभर इथे राहतील, बाकीच्यांना ट्रक तयार आहे.

दुसरी टोळी म्हणजे दोघं भाऊ, थोरला आणि धाकटा, आणि त्यांच्या बायका. त्यांचं काम लांबून बघावं असं. कोपरे साधारण कोपऱ्यात यायचे आणि भिंती साधारण उभ्या असायच्या. गवंड्याने त्यांच्या पहिल्याच भिंतीला ओळंबा लावून पाहिला, जिभेचा एक आवाज काढला आणि आपल्या कामाला निघून गेला. त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

“वरचा मजला आपलाच,” तो आईला म्हणाला. “तुझी बाकं हलवायला नकोत.”

तसा त्याचा हात होताच. तो हात बापाकडून आला होता. त्याचा बाप घोटाईसाठी नावाजलेला. भिंत असो, जमीन असो, लोखंडी गुरमाळा फिरवून फिरवून तो अशी गुळगुळीत करायचा की माशीने बसावं की नाही याचा विचार करावा. एका वसतिगृहाच्या ओसरीला त्याने असा कोबा घातला होता, की वाळल्यावर त्याचीच बायको पाण्याची कळशी घेऊन त्यावरून आपटली आणि खुब्यातून गेली. तिच्याकडे धावायच्या आधी तो म्हणे वाकून कोब्याला चरा गेला का ते बघत होता. पुढे मरेपर्यंत तो ही गोष्ट कौतुकाने सांगायचा, “माझ्या कोब्यावर खुद्द माझी बायको पडली. एवढी घोटाई.” ऐकणारे हसायचे. म्हातारी तिथेच बसलेली असायची.

बापाकडून हाताबरोबर एक नियमही आला होता. ओल्या कामावर बोलायचं नाही. गिलावा ओला आहे तोवर त्याला कुणी चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, बोट तर दाखवायचंच नाही. गवंड्याचा हात चालू असताना मधे शब्द पडला की हात बिघडतो, असं बापाचं म्हणणं. जे काय बोलायचं ते वाळल्यावर. आणि वाळल्यावर बोलून उपयोग काय, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. नवी सून म्हणून आली तेव्हा गवंडिणीने एकदा ओल्या भिंतीकडे बघून “इथं पोट आलंय” असं म्हटलं होतं. सासऱ्याने थापी पाण्यात टाकली आणि संध्याकाळपर्यंत उचलली नाही. त्या दिवशी तिने धडा घेतला.

ऊन फार होतं. गिलावा करायचा तर तांबडं फुटायच्या आत सुरुवात करावी लागे, कारण दहाच्या पुढे माल भिंतीला लागेपर्यंतच वाळायला लागायचा. पाण्याची तर बोंब होती. टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्यातलं निम्मं पाणी आधी भिंतींना. म्हातारी बाकावर पडल्या पडल्या हिशेब करायची, “आधी भिंत पिते, मग सिमेंट पितं, उरलं तर आम्ही.” गवंडीण दुपारी भिंतींना पाणी मारायची तेव्हा तापलेल्या भिंतीतून वाफ यायची. तिच्या तळहातांना सिमेंटने चिरा पडल्या होत्या. झोपताना ती त्यात तेल भरायची आणि मुठी मिटून झोपायची.

खोल्या एकेक करून हातावेगळ्या होत गेल्या. जुना गिलावा ठोकून काढायचा, विटा खरवडायच्या, पाणी मारायचं, नवा चढवायचा. भाऊ दुपारी सावलीला पत्ते खेळायचे तेव्हाही गवंडी फळी फिरवत असायचा. थोरला दारातून डोकावून म्हणायचा, “मिस्त्री, पोरं शिकायला येणार आहेत का तोंड बघायला?” गवंडी मान वर करायचा नाही. गवंडिणीला मात्र ते ऐकून बरं वाटायचं. टोमणा मारतात म्हणजे घाबरलेत, असा तिचा हिशेब होता.

मग मोठ्या बाईंचा निरोप आला. आधी वर्गांत खिळे ठोकून लावलेले तयार फळे असायचे. त्यांचे पापुद्रे सुटायचे आणि पोरं ते सोलून काढायची. आता प्रत्येक खोलीत भिंतीतच सिमेंटचा फळा हवा, काळा, कायमचा. उद्याने निरोप सांगितला आणि काळ्या भुकटीच्या पिशव्या टाकून गेला.

गवंड्याने भिंतीत फळा कधी केला नव्हता. पण काळा गिलावा म्हणजे शेवटी गिलावाच. त्याला वाटलं, आता या कामातच दाखवून द्यावं. त्या पहाटे त्याने हातपाय धुतले, गुरमाळा वाळूने घासून लखलखीत केला आणि बायकोला माल जरा पातळ कालवायला सांगितलं. पहिला थर लागला, मग दुसरा, मग भुकटी घातलेलं निव्वळ सिमेंट. आणि मग घोटाई सुरू झाली. गुरमाळ्याचा आवाज आधी खसखसा येत होता, मग मऊ होत गेला, मग येईनासाच झाला. ऊन खिडकीतून आत आलं, त्याच्या पाठीवर चढलं आणि उतरलं. तो पाणी प्यायलाही थांबला नाही.

गवंडीण घमेलं टेकवून मागे उभी होती. फळ्यात तिला खिडकी दिसत होती. खिडकीतलं झाड दिसत होतं. नवऱ्याचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडावर असं समाधान होतं की तिने ते लग्नानंतर फार वेळा पाहिलेलं नव्हतं.

तिला तिची स्वतःची शाळा आठवली. फळा पुसायचं काम तिच्याकडे असायचं. तो फळा इतका खरबरीत होता की पुसताना बोटांची सालं निघायची, आणि गुरुजी लिहायचे तेव्हा खडूची पांढरी पूड खाली गळायची. खडू त्या खरबरीतपणावर झिजायचा म्हणून तर अक्षर उमटायचं. या फळ्यावर खडू झिजणार कशाला? तो सरकून जाईल. तिला हे एकदम आणि स्वच्छ कळलं. एक ओलं गोणपाट घ्यावं आणि वरून खाली नुसतं फिरवावं, की काम झालं. गोणपाट तिच्या पायाशीच पडलेलं होतं. त्यावर ती घमेलं ठेवायची.

तिने तोंड उघडलं. फळा ओला होता. नवऱ्याचा हात अजून चालू होता. तिला सासऱ्याची पाण्यात बुडालेली थापी दिसली आणि तिने तोंड मिटलं. खोलीबाहेर येऊन ती सासूपाशी बसली आणि उगाच तांदूळ निवडायला लागली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं.

“काय झालं?”

“काही नाही.”

“ओलं आहे का?”

“हो.”

म्हातारी पुढे काही बोलली नाही. तीही त्याच घरातली होती.

गवंडीण मनाला समजावत राहिली. आपली तिसरी ती काय आणि आपली अक्कल ती किती. खडूही आता बदलले असतील. नवरा एवढ्या इमारती करून बसला आहे, त्याला कळत नसेल का? संध्याकाळी फळ्याला पाणी मारताना तिने बोट फिरवून पाहिलं. बोट घसरलं. फळा वाळून दगड झाला होता. बाकीचे फळेही गवंड्याने तसेच केले, आणि प्रत्येक वेळी ती बाहेर येऊन तांदूळ निवडत बसली.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी गवंड्याने धुतलेला सदरा घातला होता. बाई मोठ्या म्हणजे हुद्द्याने. अंगाने लहानखुऱ्या, आणि पायात उन्हाने तापलेल्या चपला म्हणून भराभर चालणाऱ्या. गवंड्याच्या खोलीत शिरल्या आणि थांबल्या. भिंतीवरून त्यांनी हात फिरवला. कोपरे पाहिले. उद्याकडे वळून म्हणाल्या, असं काम मी कुठल्या शाळेत पाहिलं नाही. उद्याने जणू ते स्वतःच केल्यासारखी मान हलवली. गवंडीण दारात उभी होती.

मग बाई फळ्यापाशी गेल्या. पर्समधून खडू काढला आणि लिहायला हात उचलला.

खडू किंचाळला आणि सरकला. फळ्यावर काही उमटलं नाही. बाईंनी जोर लावला. खडू मोडला, तुकडा खाली पडला, आणि काळ्यावर एक पुसट ओरखडा राहिला. त्यांनी दुसरा खडू काढला. तोही सरकला. फळ्यात त्यांचा चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता.

“फार सुंदर केलंय हो,” बाई शेवटी म्हणाल्या. “पण यावर लिहिता येत नाही.”

त्यांनी ते इतक्या मऊपणे म्हटलं की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मागे धाकट्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. बाई भावांच्या खोलीत गेल्या. तिथला फळा एका बाजूला जाडसर होता, लाकडी रंधा कसातरी फिरवून सोडून दिलेला. बाईंनी त्यावर ‘अ’ काढला. ठसठशीत, पांढरा ‘अ’ उमटला आणि खडूची पूड खाली गळली. पलीकडच्या खोलीतून गवंडिणीला खडूचा तो आवाज ऐकू आला. तिला तो ओळखीचा होता.

संध्याकाळी उद्या येऊन सांगून गेला. बाईंना दोन्हीकडचं पटलं होतं, भिंती यांच्या आणि फळे त्यांचे. पण शाळेला आधी फळा लागतो. वरचं काम भाऊ करतील. मिस्त्रीने जायच्या आधी आपले फळे खरवडून द्यावेत. त्यावर रंगही धरणार नाही, विचारून पाहिलंय.

“ट्रक कधी?” गवंड्याने विचारलं.

“उद्या,” उद्या म्हणाला, आणि या वेळी तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोने विटांचे तुकडे घेतले आणि फळे घासायला बसले. भिंत पाण्याने भिजवायची आणि विटेने घासायची. घासायचं म्हणजे घाम निघायचा, कारण गवंड्याची घोटाई होती, सहजी सोडणार नव्हती. काळं पाणी कोपरांवरून ओघळून नव्या जमिनीवर साचत होतं. गवंडिणीच्या हाताच्या चिरा पुन्हा उघडल्या. फळ्यातलं झाड गेलं, मग खिडकी गेली. गवंड्याने आपल्या तोंडासमोरचा भाग शेवटी ठेवला होता. तिथे येऊन तो थांबला.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं. तिच्याकडे न बघता.

ती घासत राहिली. “हो.”

“केव्हापासून?”

“तुम्ही घोटत होता तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

गवंडिणीने वीट खाली ठेवली आणि हात पदराला पुसला.

“ओलं होतं,” ती म्हणाली.

गवंडी रागावला असेल म्हणून ती वाट पाहत राहिली. पण त्याने नुसतं फळ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं, आणि वीट उचलून आपलं तोंड घासून टाकलं. सगळं झाल्यावर तिने खाली पडलेला खडूचा तुकडा उचलून फळ्यावर एक रेघ मारून पाहिली. रेघ उमटली. तिने ती पुसली नाही.

म्हातारीला ट्रकात चढवायला पुन्हा खुर्ची आली. या वेळी तिने शिव्या दिल्या नाहीत, म्हणून खुर्ची धरणारे भाऊच जास्त अवघडले. थोरल्याने जाताना पोत्यांवर आपली एक सतरंजी टाकली आणि मागे वळून न बघता निघून गेला. रस्ता तसाच होता. खड्डा आला की म्हातारी पदर दातात धरायची. सुनेने तिचा खुबा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मनात ती प्रत्येक खड्ड्याला स्वतःलाच दोष देत होती. त्या एका गोणपाटाची गोष्ट होती, आणि ते तिच्या पायाशी होतं.

नवं काम एका कॉलेजचं होतं. इमारत जुनी, दरवाजे उंच, आणि ग्रंथालयाला आत जायला पायऱ्या. चालता न येणाऱ्यांसाठी पायऱ्यांच्या शेजारी एक उतार करायचा होता, आणि तेच पहिलं काम गवंड्याच्या वाट्याला आलं. त्यांना राहायला ग्रंथालयामागची पडवी मिळाली. म्हातारी बसायला बाहेर सावलीत पोत्यावर असायची, कारण आता तिला सरळ झोपवत नव्हतं.

गवंड्याने उतार बांधला, माल टाकला, फळी फिरवली. पहाट होती, वारा पडला होता, काम मनासारखं होत होतं. सवयीने त्याने गुरमाळा घेतला आणि घोटायला लागला. खसखस आवाज आला, मग मऊ झाला. उतार चमकायला लागला. गवंडीण माल देऊन मागे उभी होती. नेहमीसारखी ती वळली आणि पडवीकडे निघाली.

गुरमाळ्याचा आवाज थांबला.

गवंडी टाचांवर बसला होता. गुरमाळा त्याने पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला होता. ते पाहून तिला सासऱ्याची थापी आठवली. काहीच तर बोललो नव्हतो आपण. तो उताराकडेच बघत होता आणि त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती, वजन उचलताना होते तशी.

“बोल,” तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय होती. मग ती उताराजवळ आली. चमकणाऱ्या ओल्या सिमेंटमध्ये आभाळ दिसत होतं.

“ओलं आहे,” ती म्हणाली.

“दिसतंय मला. बोल.”

“पाय ठरायचा नाही यावर,” गवंडीण म्हणाली. “कुबड्या घेऊन येणारी माणसं उतरणार. आईंना उभं केलं तर आई घसरतील.”

गवंडी उठला, पडवीतला खराटा घेऊन आला आणि उताराच्या वरच्या टोकापासून त्याने तो ओल्यावरून आडवा ओढला. आभाळ फाटल्यासारखं झालं. त्याच्या जागी खराट्याच्या रेघा उमटल्या, जाड, खरबरीत, एकाखाली एक. रेघ सरळ येते का हे तो मान तिरकी करून बघत होता. खराबच करायचं तर तेही नीट करायचं, असा त्याचा स्वभाव होता.

म्हातारी पोत्यावरून सगळं बघत होती. तिचा हात सवयीने खुब्यावर होता.

“वसतिगृहाचा कोबा तुझा बाप घोटत होता, तेव्हा मी तिथंच उभी होते,” ती म्हणाली. “कोणीतरी पडणार, हे मला दिसत होतं.”

खराटा थांबला.

“मग?” गवंड्याने विचारलं.

“मग काय. त्यानं विचारलं नाही.”

गवंडी आईकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. उताराचं खालचं टोक अजून तसंच गुळगुळीत होतं, त्याकडे तिने बोट दाखवलं.

“तेवढं राहिलंय,” ती म्हणाली. “वाळायच्या आत ओढ.”